काजळाच्या डबीची घालमेल

मी काजळाची डबी बोलतेय. पितळेची, मुठीत मावणारी. एका करडानं पाय दिल्यापासून माझ्या झाकणाला पोचा आहे, त्यामुळे ते अधूनमधून अडून बसतं.

नर्मदाबाईंनी मला जवळा बाजार या गावातून आणलं, तेव्हा वैजनाथ त्यांच्या पोटात होता. एरंडेलाच्या दिव्यावर ताट पालथं घालून त्या काजळी धरायच्या आणि तुपात कालवून माझ्यात भरायच्या. लांब माळावर चुकलेलं मेंढरू आज वैजनाथ नुसत्या नजरेनं हेरतो. त्याचं सगळं श्रेय त्या मला देतात. खोटं कशाला बोलू, मीही फुगायची.

आता शिरड शहापुरातल्या या घरात वैजनाथची तान्ही लेक आली आहे, राधिका. तिचा डावा डोळा सारखा पाझरतो आणि सकाळी चिपडानं चिकटून बसतो. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची वाट अजून मोकळी झालेली नाही, बहुतेक आपोआप होईल. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, दर वेळी नवा बोळा घ्या. डोळ्यात काजळ नको, दूध नको. डोळा लाल झाला, सुजला, तर लगेच घेऊन या.

"वैज्याला काहून काय झालं न्हाई मंग?" नर्मदाबाई म्हणाल्या. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

मागच्या महिन्यात एका करडाचे डोळे आले. नर्मदाबाईंनी ते बोटानं पुसले, बोट पदराला पुसलं आणि तशाच त्या फळीकडे आल्या. मला उचललं. मी ओरडणार कशी? खडखडले. पाळण्यात राधिका हातपाय झाडत होती, आणि झाकण काही निघेना.

"प्रतिक्षा, एवढी डबी उघडून दे."

सून दारातच उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं मला घेतलं, पण उघडलं नाही.

"आत्याबाई, ते करडू कळपातून वेगळं काहून बांधलं?"

"बाकीच्यायला लागंल ना."

"मंग तेच बोट लेकराच्या डोळ्यात?"

नर्मदाबाई बोटाकडे पाहत राहिल्या. मग मोरीवर गेल्या आणि साबणानं कितीतरी वेळ हात चोळत राहिल्या. आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

"पण दिष्ट लागंल लेकराला."

"तळपायाला लावा की टिकली."

तेव्हापासून माझं काजळ राधिकाच्या तळपायाला लागतं. तिचा डोळा अजून पाझरतो, पण लाल नाही. रोज सकाळी तो उघडेपर्यंत मी अस्वस्थ असते.

आज मात्र वेगळीच धास्ती आहे. शेजारच्या मोतीबाईंना नातू झालाय. गल्लीत लेकरू झालं की मला मागून नेण्याची इथली रीतच आहे. नर्मदाबाईंनी बजावलं, "डोळ्याला लावू नको बरं का." मोतीबाई "व्हय व्हय" म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष कुठं होतं, देव जाणे.

त्यांच्या पदराच्या गाठीतून मी हे बोलतेय. बायांनो, मला तळपायाशी न्या, कानामागे न्या, डोळ्याशी तेवढी नेऊ नका. त्या घरात प्रतिक्षा नाही. माझ्यापाशी फक्त हे पोचा पडलेलं झाकण आहे, आणि ते मी घट्ट धरून बसलेय.