आजपासून पुढे

राज्यघटना शिकवणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे कलमबाई म्हणत, कारण चहा गार आला तरी त्यांना एखादं कलम आठवे. कोर्टाच्या निकालांवर त्या वर्तमानपत्रात लिहीत आणि न्यायमूर्तींचे कान उपटायलाही मागेपुढे पाहत नसत. आणि नेमका त्यांचाच धाकटा भाऊ खटल्याविना तुरुंगात होता. तो बस चालवायचा. संपात पुढे राहिला म्हणून एके सकाळी त्याला उचललं. हा माणूस धोक्याचा आहे असं सरकारला वाटलं की पुरे, त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची सोय त्या कायद्यात नव्हतीच. मुदत संपत आली की ती मुकाट वाढवली जाई.

बाईंनी त्या कायद्यालाच आव्हान दिलं. वकील त्यांचाच जुना विद्यार्थी. तत्त्वाचा प्रश्न निघाला की दोघांनाही तहानभूक आठवत नसे. सुनावणी रंगात आली आणि एका दुपारी सरकारी वकिलाने त्या दोघांना कोर्टाच्या जिन्यात गाठलं.

"अर्ज मागे घ्या," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी भाऊ घरी असेल."

दुसऱ्या कुठल्याही बहिणीने त्याचे पाय धरले असते. या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघांचेही डोळे चमकले. सरकार घाबरलं, म्हणजे आपण जिंकणार! भाऊ सुटला तर प्रकरण तिथेच मिटेल, कायदा जागच्या जागी राहील आणि आत खितपत पडलेल्या बाकीच्यांना कुणी वाली उरणार नाही.

"नाही," बाई म्हणाल्या. भावाला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. तोही हेच म्हणेल, असं त्या धरून चालल्या.

निकालाच्या दिवशी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणणं मांडू न देता कुणालाही डांबून ठेवता येणार नाही, असं न्यायमूर्तींनी ठणकावून सांगितलं. बाईंच्या एका लेखातलं वाक्यसुद्धा त्यात आलं. वकिलाला हुंदकाच फुटला. मग शेवटचा परिच्छेद आला. जुने आदेश एकदम रद्द केले तर गोंधळ माजेल, म्हणून हा नियम आजपासून पुढच्या नव्या आदेशांनाच लागू राहील, जुन्यांच्या मुदतवाढीला नाही. भावाचा आदेश जुना होता.

बाहेर लोक अभिनंदन करत होते. संपादकाचा फोन आला, ऐतिहासिक निकाल आहे, लेख लगेच हवा. भावजय एका कोपऱ्यात नवऱ्याचा धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन उभी होती. तिला गर्दीतलं काही कळलं नव्हतं. "ताई, आज सोडतील की उद्या?" तिने विचारलं. बाईंना तिच्याकडे बघवेना.

मग त्यांनी लाज गुंडाळून ठेवली आणि सरकारी वकिलाला गाठलं.

"ते तेव्हाचं होतं, मॅडम," तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. "तेव्हा आम्हाला भीती होती. आता जुने आदेश कोर्टानेच राखलेत."

तुरुंगात भेटायच्या खोलीत मधे जाड काच होती. भाऊ पलीकडे येऊन बसला, त्याने रिसीव्हर उचलला.

"जिंकलो म्हणे आपण?"

बाईंनी त्याला सगळं समजावलं, वर्गात समजावत तसं, सावकाश. ऐकून तो चक्क हसला.

"मग त्यांना म्हणावं, मला जरा फाटकाबाहेर काढा आणि नव्याने पकडा. तेवढंच माझं ऐकून तरी घेतील."

बाईही हसल्या आणि हसता हसता त्यांचा बांध फुटला. जिन्यातली गोष्ट त्यांनी त्याला सांगून टाकली. सांगितल्यावाचून आता त्यांना श्वासही घेता येत नव्हता.

त्याचं हसू मावळलं.

"मला विचारायचं होतंस."

"काय म्हणाला असतास?"

"हो म्हणालो असतो, ताई. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालो असतो. मला घरी यायचं होतं गं."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. भेटीची वेळ अजून उरली होती, तरी तो उठला आणि पाठ करून शिपायाची वाट पाहत उभा राहिला.