बाकावरचा ओडम

व्हर्लिन झॅस्ट्रो दर वर्षी पहिली निवड एकाच प्रकारच्या खेळाडूची करायचा. पळणाऱ्याची. चेंडू छातीशी धरून गर्दीत घुसणारा, अंगाने भक्कम. ड्वेन क्रूगरच्या शिबॉयगनमधल्या गॅरेजमध्ये उन्हाळा संपताना मित्रमंडळी जमत, अमेरिकन फुटबॉलमधल्या खऱ्या खेळाडूंची आपसांत वाटणी करून कागदी संघ बांधत. मग रविवारी ज्याचे खेळाडू मैदानात जास्त चमकतील, त्याची सरशी. हंगामात तळाला राहील त्याची जागा जायची. बाहेर कोणी ना कोणी त्या जागेवर टपलेलाच असे.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर व्हर्लिनला बोलायला हीच माणसं उरली होती. आणि मागच्या हंगामात तो तळाला जाता जाता वाचला होता.

म्हणून या खेपेला त्याने मुलीला, ब्रेनाला, सोबत घेतलं.

"पळणारे सगळ्यात आधी मोडतात, बाबा," ती म्हणाली. "गुडघे, घोटे. आपण आधी लांबून फेकलेला चेंडू झेलणारे घेऊ. पळणारे शेवटी, तेही बदली. पुढचा जायबंदी झाला की आपला मैदानात."

"म्हणजे दुसऱ्याचा पाय मोडायची वाट बघायची?"

"वाट बघायची, एवढंच. धीर लागतो त्याला."

निवडीच्या दिवशी ड्वेन शेगडीवर ब्रॅटवुर्स्ट सॉसेज उलटत होता. व्हर्लिनने ओळीने झेलणारेच घेतले, तेव्हा ड्वेन चिमटा हातात घेऊन नावं लिहिलेल्या फळ्यापाशी आला.

"अरे, तुझ्याकडे पळायला कोणीच नाही! स्वतः उतरतोस की काय?"

"तू अडवायला असशील तर उतरतो. तुला चुकवायला पळावं कुठे लागतं?"

सगळे हसले. शेवटच्या फेरीत व्हर्लिनने टॅव्हॅरिस ओडमचं नाव घेतलं. हा पळणारा पोरगा आपल्या खऱ्या संघात बदली म्हणून बाकावरच बसून असायचा.

सप्टेंबर वाईट गेला. संघ ब्रेनाच्या फोनवर होता. दर सोमवारी ती आकडे बघायची आणि बापाला फोन करणं टाळायची. त्याला या फंदात आपण पाडलं, हे तिला आतून खात होतं. ऑक्टोबरात एक झेलणारा आजारी पडला. त्याच्या जागी कोणाला आणायचं तर एकाला सोडावं लागणार होतं. शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, तिने ओडमला सोडून दिलं. शनिवारी ड्वेनने त्याला उचललं.

रविवारी ओडमच्या पुढचा पळणारा गुडघा धरून खाली बसला. ओडम उतरला आणि पळतच राहिला.

ब्रेना गाडी काढून बापाकडे गेली. टीव्ही चालू होता. व्हर्लिन खुर्चीच्या कडेला बसला होता, चेहरा फुललेला.

"बघितलंस? आला आपला पोरगा! तू म्हणाली होतीस तसंच झालं."

ती दारातच उभी राहिली. "बाबा, तो आपल्याकडे नाही. शुक्रवारी सोडला मी."

त्याने टीव्हीचा आवाज कमी केला. "कोणी घेतला?"

"ड्वेनने."

"घेणारच." मग तो म्हणाला, "मला विचारायचंस तरी."

"तू सोड म्हणाला असतास. तुला पहिल्यापासून पटलंच नव्हतं."

"नव्हतं पटलं. पण तू धीर धर म्हणालीस, म्हणून धरला होता. अजून धरला असता, ब्रेना. मला त्यात काही जड जात नव्हतं."

हरतोय म्हणून तो खचला असेल, असं तिने गृहीत धरलं होतं. खचली होती ती.

डिसेंबरात व्हर्लिन तळाला राहिला. ड्वेन अंतिम फेरीत गेला, ओडमच्या जोरावर. त्याने स्वतः फोन केला. "नियम मीच केलाय रे, मलाच कसा मोडता येईल? पण तू ये. खेळू नकोस, नुसता येऊन बस."

"बघू," व्हर्लिन म्हणाला.

ब्रेना शेजारीच होती. हे 'बघू' तिच्या ओळखीचं होतं. नुसतं बसायला तो कुठेही जात नसे.