दलदल्याची अक्कल

दलदल्या नावाच्या राक्षसावर आजवर पाच सिनेमे निघाले होते आणि पाचही नोंदवालीला तोंडपाठ होते. कुणाचा सदरा कोणत्या रंगाचा, जखम डाव्या हाताला की उजव्या, हे सगळं सांभाळणं तिचं काम. म्हणून सगळे तिला नोंदवालीच म्हणत. सहाव्या भागाची पटकथा वाचता वाचता ती एका ओळीवर अडली : ‘दलदल्या बंद दारावर डोकं आपटत राहतो.’

बैठकीत तिने आडपडदा ठेवला नाही. “पहिल्या भागात त्याने फाटकाची कडी काढली. दुसऱ्यात माणसं पुलावर येईपर्यंत दबा धरून बसला. चौथ्यात होडीचा दोर सोडला. आणि आता साध्या दारापुढे याची मती गुंग?”

दिग्दर्शक हसला. “तिसऱ्यात काचेवर धडका मारत होता, ते विसरलात? पाचव्यात तर स्वतःच्या सावलीवर धावून गेला. अहो, राक्षस आहे तो. गोष्टीला लागेल तेवढी अक्कल द्यायची, नको असेल तेव्हा काढून घ्यायची.”

“घरातलं माणूस असं वागलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं तुम्ही.”

सगळे खो खो हसले. “उद्यापर्यंत पटेल असं कारण आणा,” दिग्दर्शक म्हणाला, “मग उघडू दे त्याला दार.”

ती तडक काकांकडे गेली. पाचही भागांत दलदल्याचं सोंग काकांनीच घातलं होतं. आता गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून ते घरीच असत.

“काका, खरं सांगा. दलदल्या हुशार की मठ्ठ?”

“मला काय विचारतेस?” काका म्हणाले. “त्या मुखवट्यातून मला धड काही दिसायचं नाही! कडी मी चाचपून काढली. पुलावर पावलं ऐकून उठलो.”

“आणि काच?”

“काच आहे हे कळलं कुणाला? कपाळाला टेंगूळ आलं तेव्हा कळलं.”

काकू आतून म्हणाल्या, “आठवडाभर शेकत होते मी!”

नोंदवाली टुणकन उठली. कडी, दोर, पावलं : हाताने आणि कानाने केलेलं प्रत्येक काम दलदल्याला जमलं होतं. काच काय, सावली काय, फसला होता तो फक्त डोळ्यांनी. पाच लेखकांनी पाच तऱ्हा केल्या, तरी आत माणूस एकच होता.

दुसऱ्या दिवशी तिने ठणकावून सांगितलं, “दलदल्या मठ्ठ नाही. त्याला नीट दिसत नाही, एवढंच.”

दिग्दर्शकाने एकेक प्रसंग आठवून बोटांवर मोजला. एकही आडवा येईना. “मग हा प्रसंग तुम्हीच लिहा,” तो म्हणाला.

तिने लिहिला. नव्या नटाला चालणं शिकवायला काकांना गाडी पाठवून आणलं. त्यांनी आधी त्याचे डोळे बांधले आणि दिवसभर भिंतीला धरून फिरवलं.

चित्रीकरणाच्या वेळी तो ओला, खवलेदार हात दारावरून सावकाश सरकत गेला. चौकट, बिजागरी, मग कडीवर येऊन थांबला. आत लपलेल्या नटीने ठरल्या वेळेआधीच किंकाळी फोडली.

“दोन क्षण लवकर,” नोंदवालीने टिपून घेतलं.

“असू दे,” दिग्दर्शक कुजबुजला, “मीही दचकलो.”