डॉकरीसाहेबांचा मेलेला दोस्त

वेंडल डॉकरी हे नाव माण तालुक्यातल्या एका वाडीत जेवढं घेतलं गेलं असेल, तेवढं त्याच्या सख्ख्या आईनेही घेतलं नसेल. शहाजी कोकरे दोहाहून सुट्टीवर आला की चहाच्या टपरीवर कुणीतरी मुद्दाम विषय काढायचं, "काय कॅप्टन, होऊन जाऊ द्या पुन्हा एकदा!" आणि हा गडी शर्टाची डावी बाही वर करायचा. कोपरापर्यंत भाजून आक्रसलेली कातडी. अमेरिकनांच्या छावणीवर तो पाण्याचा टँकर चालवायचा तेव्हाची गोष्ट. वाळूचं वादळ, उलटलेली जीप, पेटलेलं इंजिन आणि आत पट्ट्यात अडकलेला कॅप्टन डॉकरी. शहाजीने त्याला ओढून बाहेर काढला. बस्स, एवढंच. तसा शहाजी काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हे. बाकी सगळ्या गोष्टींना तो बक्कळ मीठमिरची लावायचा. या गोष्टीला मात्र त्याने चिमूटभरही लावली नव्हती.

लोक हसायचे. हसेनात का! लेक नयना हसत नव्हती. बाप सुट्टीपुरता दिसायचा, बाकी वर्षभर बापाची म्हणून तिच्याकडे ही गोष्टच असायची. शाळेतल्या निबंधात तिने ती लिहिली, मैत्रिणींना ऐकवली आणि लग्न होऊन इस्लामपूरला गेली तेव्हा सासरीही कौतुकाने सांगितली. तिथेच घात झाला.

दीर जरा आगाऊच. "बघू तरी वहिनी, कोण तुमचा कॅप्टन," म्हणत त्याने सगळ्यांसमोर मोबाईलवर नाव टाकलं. सापडला! कॅप्टन आता खासदार होता, थेट अमेरिकेच्या संसदेत. लष्करातून बाहेर पडल्यावर पहिल्या निवडणुकीत साहेब तोंडावर आपटले होते, कारण भाषणात सांगण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या खेपेला त्यांना गोष्ट सापडली आणि गाडी सुटली सुसाट. व्हिडिओत साहेब मंचावर उभे, डोळ्यांत पाणी. वादळ, जीप, आग आणि 'राज' नावाचा एक हिंदुस्थानी ड्रायव्हर. "त्याने मला बाहेर काढलं आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडला. शेवटचा शब्द होता, 'येतो'. त्याच्या भाषेत, देवा, मी येतोय!" अख्खं सभागृह उठून टाळ्या वाजवत होतं.

नयना इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. घरच्यांना याचं मराठी करून सांगायची पाळी तिच्यावरच आली. सासू म्हणाली, "म्हणजे तो माणूस वारला म्हण की."

नयनाने त्याच संध्याकाळी बापाला फोन लावला. "आप्पा, तो ड्रायव्हर मेलाय."

"कोण मेलाय? मी मेलोय होय? बोलतोय न्हवं तुझ्याशी!"

"मग 'येतो' म्हणणारा कोण होता?"

"मीच की गं! भाजल्यावर मला गावी धाडत होते, तवा त्याचा निरोप घ्यायला गेलो. घरनं निघताना माणूस काय म्हणतो? 'जातो' म्हणतो का कधी? त्यानं अर्थ विचारला. मी म्हणलं, आय कमिंग, सर. माझा हात धरून म्हणला, शाजी, तुला मी इसरणार न्हाई."

"पुरे आप्पा!" नयनाचा आवाज चिरकला. "खासदार माणूस भर सभेत खोटं बोलेल का? मेलेल्याचं पुण्य तुम्ही आपल्या नावावर खपवलंत. आणि मी येडी, ते जगभर सांगत हिंडले. तोंड वर करून बोलायची सोय राहिली नाही मला या घरात."

त्यानंतर तिने फोन उचलणं सोडलं. शहाजी रोज लावायचा. दोहातल्या अल मन्सूरा भागातल्या खानावळीत ताट समोर आलं की तो ते तसंच बाजूला सारायचा. मेल्या माणसाने जेवायचं तरी कशाला, असं तो स्वतःलाच चिडून म्हणायचा.

मग एके दिवशी देवाने ऐकल्यासारखं झालं. शहाजी आता एका लिमोझिन कंपनीत ड्रायव्हर होता. कुठल्याशा परिषदेला अमेरिकेचे पाहुणे आले आणि ड्युटी लावणाऱ्याने पुकारलेल्या नावांत डॉकरी हे नाव आलं. ड्युटी पेशावरच्या वली नावाच्या ड्रायव्हरची होती. शहाजीने त्याचे अक्षरशः पाय धरले. वली म्हणाला, "अरे पागल, ले जा. यल्ला, निकल!"

द पर्ल बेटावरच्या हॉटेलातून साहेबांना सूक वाकिफ या जुन्या बाजारात न्यायचं होतं. साहेब आले. सुटलेलं पोट, पांढरे केस, पण चाल तीच, छाती काढलेली. सोबत एमिली नावाची तरुण मदतनीस. शहाजीने दार उघडून धरलं तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. सगळ्या रस्त्याने शहाजी आरशात साहेबांनाच बघत होता. सूकच्या वाहनतळात गाडी लावल्यावर त्याने बाही वर सारली आणि मागे वळला.

"सर, मी शहाजी. पाण्याचा टँकर. आग."

साहेबांची नजर हातावर गेली. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, की पोरगी घाबरली. आणि साहेबांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "शाजी."

राज नाही. शाजी! ओळखलं, अरे ओळखलं की यानं!

"कोण हा?" एमिलीने विचारलं.

एवढंच विचारायचा अवकाश. साहेब सावरले. तेवढ्या वेळात त्यांनी काय काय तोललं असेल ते त्यांनाच ठाऊक. पण राजकारणात मुरलेला माणूस, त्याला वेळ कसा तो लागलाच नाही. "एमिली, हा राजचा मित्र. त्या दिवशी तो तिथे होता. राजला वाचवायला गेला आणि हात भाजून घेतला."

"नो सर! नो राज! मी..." शहाजीचं सगळं इंग्रजी ऐनवेळी पळालं. त्याला साहेबांच्या तोंडून हवं होतं एकच वाक्य. ते मागायला त्याने घाईघाईने फोन काढला आणि नयनाला व्हिडिओ कॉल लावला. "माय डॉटर, सर. एक मिनिट. फक्त खरं सांगा." वाजून वाजून बंद होणार तोच तिने उचलला. पडद्यावर बापाऐवजी व्हिडिओतला माणूस बघून पोरीला हुंदका फुटला.

एमिली शेजारी बसून टिपं गाळत होती, ती नसती तर साहेब काय बोलले असते देव जाणे. ती होती. साहेबांनी सभेतलाच आवाज लावला. "बेटा, तुझा बाप शूर आहे. माझा राज गेला तेव्हा हा त्याच्या शेजारी होता. राजच्या या मित्राचा अभिमान बाळग."

"लाय, सर! लाय!" शहाजी ओरडला. साहेबांनी त्याच्या भाजलेल्या हातावर हात ठेवला, चांगला दाबून, आणि एमिलीकडे बघत म्हणाले, "फार विनयशील असतात ही माणसं. स्वतःचं कौतुक सोसत नाही त्यांना." मग दोघं उतरली. जाता जाता एमिलीने छातीवर हात ठेवून शहाजीला वाकून नमस्कार केला. तिचा बिचारीचा काय दोष!

फोन चालूच होता.

"आप्पा," नयना रडत हसत होती, "माझं चुकलं. मी तुम्हाला काय काय बोलले! मित्र होता तुमचा. डोळ्यांदेखत गेला म्हणून त्याची गोष्ट तुम्ही आपलीशी करून टाकलीत, कळलं मला. तुम्ही थापाडे नाही आप्पा. मी आत्ताच्या आत्ता घरात सगळ्यांना सांगते."

शहाजीने तोंड उघडलं. महिनाभराने लेक बोलत होती, डोळे पुसत होती, आप्पा आप्पा करत होती. आता पुन्हा 'अगं तो मीच' म्हणायचं आणि पुन्हा फोन बंद होताना बघायचा? त्या हलकट माणसाने बरोबर दुखरी जागा धरली होती. शहाजीने शिवी गिळली.

"कसा होता हो तो?" नयनाने विचारलं.

"होता आपला. माझ्यासारखाच."

"आपल्याकडचाच ना? घरी कोण कोण होतं त्याच्या?"

"बायको. आन् एक लेक." शहाजीने बाही खाली ओढली. "लई जीव तिच्यावर."

"अगं बाई! मग तिला माहितीय का आप्पा, बापानं काय केलं ते? कुणीतरी सांगायला हवं तिला."

"सांगितलं की," शहाजी म्हणाला. "तिला पटंना."