नऊ किलो कमी

सपना सिस्टरचा बीपी बेबीताईनं मोजला, तोही जबरदस्तीनं. अंगणवाडीत लसीकरण चालू होतं. लेकरांचा कालवा सुरू होता आणि त्यांचे दंड पुसता पुसता सपना भिंतीला टेकून खालीच बसली. बेबीताई त्या गावची आशा वर्कर, बारा वर्षांची सोबतीण. तिनं मशीनचा पट्टा सपनाच्याच दंडाला गुंडाळला.

"एकशे सत्तर, खालचा एकशे दहा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाचा एवढा निंघाला असता तं तुमी त्याले तवाच गाडीत घालून धाडलं असतं."

"जागरणानं होते तसं. लेकरू दे इकडं," सपना म्हणाली.

सपना त्रेचाळीस वर्षांची आणि वजन त्र्याऐंशी. तिच्या उपकेंद्राखाली चार गावं होती. दिवसभर गरोदर बायका, लसी, घरभेटी. सगळं रजिस्टरात लिहायचं आणि तेच पुन्हा मोबाइलमध्ये भरायचं. महिन्याच्या बैठकीत कुणाचे आकडे कमी दिसले की आरोग्य केंद्राचे मोठे डॉक्टर नाव घेऊन उभं करत. ते बोलणं सपना शेलूबाजारला घरी घेऊन येई. मग स्वयंपाकघरात उभ्यानंच शेव, टोस्ट, सकाळची पोळी, हाती येईल ते खाई. भूक नसे, पण तोंड चालू असलं की डोकं जरा गप्प बसे. अंथरुणावर पडलं की ते पुन्हा सुरू.

मोठ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. "रोज चालत जा. लोकांना तुम्हीच सांगता ना?" असं म्हणून हसले.

ते हसू सपनाच्या मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती बूट घालून निघाली. चहाच्या टपरीवरच्या माणसांनी विचारलं, "कोनाकडं निंघाल्या सिस्टर, डिलिव्हरी हाय काय?" तिनं मान खाली घातली आणि विहारापर्यंत जाऊन आली. धाप लागली, पोटऱ्या दुखल्या. दोन महिन्यांनी मात्र तिला एक गोष्ट कळली. चालून आलेल्या दिवशी डॉक्टरांचं बोलणं बैठकीतच राहत होतं. घरी आल्यावर शेवेचा डबा आठवत नव्हता. पाठ टेकली की डोळा लागत होता. नवऱ्यानं, शेषरावनं, एकदा सकाळी तिला मुद्दाम हलवून पाहिलं. म्हणाला, "एवढी गाढ झोपून राह्यली, मले वाटलं काय झालं बाई हिले!"

पाच महिन्यांत नऊ किलो उतरले. बीपी जागेवर आला.

त्या महिन्याच्या बैठकीत डॉक्टरांनी तिला उभं केलं आणि सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या थांबल्यावर म्हणाले, "शेजारचं उपकेंद्र तीन महिन्यांपासून रिकामं आहे. सिस्टर आता एकदम फिट. चार्ज त्याच घेतील."

"सर, चालायला सकाळ मिळते म्हणून फिट आहे मी," सपना म्हणाली. "आठ गावं झाली तर ती सकाळच जाईल."

"मग त्या गावांना चालतच जा!"

हसण्यात बैठक संपली.

पहिल्या आठवड्यात बूट दाराशी राहिले. दुसऱ्या आठवड्यात शेषरावनं ते उचलून पलंगाखाली सारले. चार महिन्यांनी सपना ब्याऐंशीवर होती. आता गोळी घेऊनही बीपी चढाच राहत होता. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही नियम पाळत नाही. टिकवणं महत्त्वाचं असतं, सिस्टर."

सपनानं चार्ज काढून घ्या असा अर्ज दिला. अर्ज परत आला: प्रकृतीचं कारण असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं. तपासणीला आठ दिवस होते. गोळी चालू असताना आकडा सर्टिफिकेटाएवढा चढत नव्हता. तिनं गोळी बंद केली.

बेबीताईला हे कळलं तेव्हा ती आपलं काम टाकून उपकेंद्रात आली. "तुमी कायले जिवावर उठल्या? लकवा मारला तं शेषरावनं काय करावं?"

"चारच दिवस राह्यले, बेबीताई."

"सर्टिफिकेट मेल्यावरबी भेटते!"

सपनानं रजिस्टर पुढं ओढलं. तिचे कान सणसणत होते. वाशीमला तपासणीच्या खोलीत तिचा आकडा पाहून नर्सनं दोनदा मोजलं, आणि तिसऱ्यांदा डॉक्टरनं. त्यांनी तिला दोन दिवस झोपवूनच ठेवलं. शेषराव उशाशी बसून होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण घरी पाकिटातल्या गोळ्या त्यानं मोजल्या होत्या.

सर्टिफिकेट मिळालं. चार्ज सुटला. सपना पुन्हा चालू लागली.

पंधरा दिवसांनी विहाराच्या अलीकडंच फोन वाजला. योगिनीचा होता. योगिनी पलीकडच्या उपकेंद्राची सिस्टर, सत्तावीस वर्षांची, अंगावर पिणारं लेकरू, वजन जेमतेम चाळीस.

"ताई, तुमचा चार्ज मले देल्ला," ती म्हणाली. "लेकराले पाजाले टाइम भेटत नाही. रात्री झोप नाही. तुमी कसा सोडवला, सांगा ना."

"बीपी दाखवला."

"माहा तं नॉर्मल हाय. कालच मोजला." ती थांबली. "मंग मी काय दाखवू, ताई?"

सपना रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एक जीप हॉर्न वाजवत गेली. योगिनी पलीकडून हॅलो, हॅलो करत होती, आणि सपनाजवळ तिला सांगण्यासारखं एकच होतं, आधी आजारी पड; ते तिच्यानं सांगवेना.