टिंबापुढचं घर

सकाळपासून माझा पाय हलत होता. टेबल थरथरायला लागलं तेव्हा शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, "बरं वाटत नाहीये का?"

"छे हो, सवय आहे," मी म्हटलं. सवय कसली डोंबलाची!

डोमेन नावं, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, ठरवणाऱ्या या परिषदेत आम्हा इंटरनेटवाल्यांना दोन खुर्च्या आहेत. त्याही वेगळ्या नाहीत. व्यापाऱ्यांचे दोघं, ट्रेडमार्कवाल्यांचे दोन वकील आणि आम्ही दोघं, सगळे एकाच बाकावर, वर अध्यक्ष. सात माणसं, आणि कुठलाही ठराव मंजूर व्हायला चार मतं. आमच्या धंद्यातली माणसं दिवसभर खांबावर नाहीतर कोणाच्या तरी गच्चीवर वायर ओढत असतात, मेल वाचायला वेळ आहे कोणाला? "निवडणुकीला कोण उभं राहतंय?" असा मेल आला, उत्तर मी एकटीनेच दिलं, आणि झाले प्रतिनिधी. दुसऱ्या खुर्चीवर एका मोठ्या कंपनीचा माणूस बसतो. त्याला आम्ही पाठीमागे मखमल म्हणतो. बोलणं इतकं मऊ की त्याने आपला खिसा कापला तरी आपणच थँक्यू म्हणू.

आता माझ्या दादाची करामत ऐका. आम्ही भावंडांनी छोटी इंटरनेट कंपनी काढली तेव्हा गिऱ्हाइकांच्या घरात बसवायच्या राउटरच्या डब्यांना आतलं एक नाव द्यायचं होतं. दादाने दिलं '.घर'. प्रिंटर.घर, टीव्ही.घर. बाहेरच्या इंटरनेटवर हे टिंबापुढचं नाव कोणाचंच नव्हतं, त्यामुळे घरातली हाक घरातच राहायची. दादा स्वतःवर इतका खूश, की भेटेल त्या इंटरनेटवाल्याला त्याने हे शिकवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, अरे, उद्या कोणी हे नाव खरंच विकायला काढलं तर? तर म्हणे, "घर कोण विकतंय गं?"

मखमलच्या कंपनीने विकायला काढलं. सोमवारपासून कोणीही पैसे भरून '.घर'मधलं हवं ते नाव घेणार, आणि आमचे बिचारे डबे घरातली हाक बाहेर देत सुटणार.

प्रिंटर गेला खड्ड्यात. माझा जीव अडकला होता मावशीच्या श्वासात. तिच्या नाकाला दिवसभर नळी असते, ती नळी एका यंत्राला. श्वास खालावला की ते यंत्र 'दवाखाना.घर' या नावाला हाक मारतं, डबा ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पोचवतो, आणि नर्स धावत येते. आतापर्यंत दोनदा आली, म्हणून मावशी आहे. दादाचं '.घर' सगळीकडे चालतं म्हणून कारखान्यानेच हे नाव यंत्राच्या आत कायमचं बसवलंय, ते आम्हाला बदलता येत नाही. नवीन यंत्र यायला अजून दीड महिना. मध्येच एखाद्या टवाळाने 'दवाखाना.घर' विकत घेतलं, तर मावशीची हाक त्याच्या दारात जाऊन पडणार.

म्हणून मी ठराव आणला होता: '.घर हे नाव उघडणं पुढच्या बैठकीपर्यंत ढकलावं.' ती बैठक तीन महिन्यांनी, तोवर नवीन यंत्र आलं असतं. आमच्या इंटरनेटवाल्यांच्या गटाने तो एकमताने मंजूर केला. म्हणजे काय, तर मेल कोणी वाचलाच नाही, हरकत आली नाही, आणि आमच्याकडे हरकत नाही म्हणजे होकार. दोन्ही वकील माझ्या बाजूचे, त्यांना आपल्या अशिलांची नावं राखायला वेळ हवा होता. व्यापारी दोघं आणि अध्यक्ष यांना कधी एकदा उघडतंय असं झालेलं. तीन इकडे, तीन तिकडे, मध्ये मखमल.

मखमल उठला. "माझ्या कंपनीचा यात हितसंबंध आहे," तो म्हणाला. "तेव्हा मी तटस्थ राहतो. तशी नोंद व्हावी."

टाळ्या! व्यापाऱ्याने तर त्याच्या पाठीवर हात ठेवला, काय सज्जन माणूस! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या नियमात तटस्थ माणूस हजेरीत धरतात, मतांत नाही. चार मतं लागतात म्हणजे लागतातच, आणि जो ठराव पडला त्यातली गोष्ट पुढच्या बैठकीपर्यंत करता येत नाही. माझ्या ठरावाला तीनच मिळणार, तो पडणार, आणि सोमवारी नाव उघडणार. लबाड कुठला! हात न उचलता जिंकायला निघाला होता.

एवढ्यावर थांबला असता तर मखमल कसला? माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, राग मानू नका, पण तुमच्याही घरचं कोणी यात आहे ना? मग आपल्याला दोघांनाही एकच न्याय हवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कान तापले. वाटलं, ओरडावं की तुझे पैसे आहेत आणि माझं माणूस आहे, यात एकच न्याय कसला रे? पण हितसंबंध असेल त्याने मत द्यायचं नाही, हा नियम मलाही होताच. खाली पाय हलतच होता. आणि मग एकाएकी हिशोब उलटा दिसला, आणि हात माइककडे गेला.

"सांगते," मी म्हटलं. "पण आधी ठरावाची भाषा नीट करू या. 'ढकलावं' हे कसंतरीच वाटतं. सरळ लिहा: '.घर हे नाव आता उघडावं.' ठराव माझा आहे, शब्द मला बदलता येतात."

वकीलबाईंनी माझं मनगट धरलं. "वेड लागलंय का तुम्हाला?"

अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. मी बाजूला झाले की विरोधात दोनच उरतात, असं त्यांनी मनात धरलं असावं. "उत्तम! स्पष्ट भाषा कधीही चांगली," ते म्हणाले, आणि सेक्रेटरीने नवं वाक्य पडद्यावर टाकलं.

"आता ऐका," मी म्हटलं. "माझी मावशी अशाच एका यंत्रावर आहे. म्हणून मीही तटस्थ."

"सख्खी मावशी?" सेक्रेटरीने टाइप करता करता विचारलं.

"नाही. आईची मैत्रीण. आई गेल्यावर आम्हा दोघांना तिने वाढवलं."

"मग नातं काय लिहू?"

"मावशी लिहा," मी म्हटलं.

नाव आता उघडावं म्हणणारे हात वर आले. दोन व्यापारी आणि अध्यक्ष. विरोधात दोन वकील. "तीन विरुद्ध दोन," अध्यक्ष म्हणाले, "ठराव मंजूर..."

"साहेब," सेक्रेटरी हळूच म्हणाला, "चार लागतात. दोघं तटस्थ आहेत, ते हजेरीत धरले जातात. ठराव पडला. नाव पुढच्या बैठकीपर्यंत बंदच राहणार."

मखमल अर्धा उठला. त्याला मऊ शब्द सापडेना. "मी माझी तटस्थता मागे..."

"मतं मोजून झालीत," वकीलबाई म्हणाल्या. "तुमची सज्जनपणाची नोंद आहे हो, टाळ्यांसकट."

मी बाहेर लिफ्टपाशी जाऊन दादाला फोन लावला. तो मावशीच्या उशाशीच बसला होता. "बंद राहिलं रे," मी म्हटलं. तो नुसता नाक ओढत राहिला. बैल कुठला, रडत होता. मग मावशीने फोन मागून घेतला.

"भांडलीस ना माझ्यासाठी?"

"नाही गं." खोटं बोलवेना. "तुझ्याबद्दल मला काहीच म्हणायचं नाही, असं सांगून आले. तुझा नि माझा संबंध आहे, म्हणून मला मतच देता येत नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं."

फोनमध्ये यंत्राचा फुस्‌ फुस्‌ आवाज येत होता. मावशीला बोलायला वेळ लागतो.

"संबंध आहे, हे लिहून घेतलं त्यांनी?" तिने विचारलं.

"घेतलं."

"काय लिहिलं?"

"मावशी."

"बास की मग," ती म्हणाली, आणि मला तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, रडू कोसळलं.