ओल्या लाकडाचे चाक

पायगाडीवर बसले की बाबा रस्त्याकडे पाहत नसत, पुढच्या चाकाकडे पाहत. जन्मभर चाके घडवलेला माणूस; वाट कशी आहे हे त्यांना चाकावरूनच कळे. मी मागून छकड्यात असे. छकडा हाकणारे नत्थुजी मधूनच ओरडत, "मिस्तरी, समोर पाहा! नाल्यात गेले तं मी काहाडनार नाई, आताच सांगून राह्यलो!"

"तू आपले बैल पाय," बाबा मान न वळवता म्हणत.

चैत्र लागला होता. अमरावतीहून भातकुलीवरून आम्ही पूर्णेच्या काठाला आलो होतो आणि आता नदी जाईल तसे पश्चिमेकडे चाललो होतो. जायचे होते लाखपुरीच्या अलीकडच्या एका खेड्यात, अब्दुल गफ्फार लोहारांकडे. बाबांना त्यांच्याशी एकच वाक्य बोलायचे होते, आणि त्या वाक्याला चार वर्षे उशीर झाला होता.

अमेरिकेत लढाई पेटली आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, तेव्हाची ही गोष्ट. ज्याला त्याला खामगावच्या बाजाराला जायला नवी गाडी हवी होती. एका पाटलाने तर गाडीला चांदीची धाव मागितली होती. धाव म्हणजे चाकाभोवतीचा पट्टा, एरवी लोखंडाचा. चाक सुताराचे, धाव लोहाराची. गफ्फारचाचा गोवऱ्यांच्या आगीत धाव लाल करीत, सांडशीने उचलून चाकावर बसवीत, आणि बाबा वरून पाणी ओतीत. लोखंड आकसले की चाकाचे आरे मधल्या तुंब्यात करकरत घट्ट बसत. ते पाणी ओतायचे काम बाबांनी कधी दुसऱ्या कोणाच्या हाती दिले नाही.

मागणी आवरेना, तेव्हा बाबांनी नुकती तोडलेली बाभूळ कामाला काढली. चाचांनी त्या लाकडावर हात फिरवला आणि सांडशी खाली ठेवली.

"सूर्यभान, हे अजून झाडच हाय. याच्यावर मी धाव चढवनार नाई."

"तू लोखंडाचं पाय, लाकडाचं मी पायतो," बाबा म्हणाले, आणि दुसरा लोहार बोलावला.

वैशाखात ती चाके सुकली आणि खामगावच्या वाटेवर भरल्या गाड्यांच्या धावा निखळून पडल्या. धाव निघाली की लोक लोहाराला धरतात. आणि सूर्यभान मिस्तरींच्या चाकांना धाव गफ्फारचीच, हे सगळ्या अमरावतीला ठाऊक होते. लोक चाचांच्या भट्टीवर जाऊन वाटेल ते बोलून आले. बाबांनी कोणाला काही सांगितले नाही. चाचांनीही नाही. पुढच्या हंगामाआधी त्यांनी बिऱ्हाड हलवले आणि बायकोच्या माहेरी, पूर्णेकाठी जाऊन राहिले.

मग लढाई संपली, भाव पडला, बडनेऱ्याला आगगाडी आली. खामगावकडे जाणारे गाड्यांचे तांडे थांबले. आमच्या अंगणात चाकांऐवजी ही पायगाडी आली. कापूस खरेदी करणाऱ्या एका साहेबाने ती मुंबईहून मागवली होती. एकामागे एक अशी दोन लाकडी चाके, मध्ये लोखंडी दांडा, त्यावर बसायची गादी, आणि पुढच्या चाकाच्या कण्यालाच पाय ठेवून फिरवायच्या दोन खुंट्या. आमच्या काळ्या जमिनीवर तिचे पुढचे चाक मोडले. साहेब विलायतेला निघाला आणि जाताना ती बाबांच्या गळ्यात टाकून गेला.

बाबांनी पुढचे चाक नवे केले. लाकूड कित्येक वर्षे छपरात वाळलेले, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. धाव मात्र त्यांनी स्वतःच कशीबशी ठोकून बसवली होती. अमरावतीत लोहार काय थोडे होते? पण बाबा म्हणाले, "याले गफ्फारचाच हात लागन."

होळीला मी माहेरी आले होते. माझे यजमान शाळेत शिकवतात. त्यांच्या कपाटातली पुस्तके मी एकेक करून वाचून काढली होती. पुस्तकातली माणसे माफी मागताना पानभर बोलतात. बाबांना पायगाडीचे निमित्त हवे होते, आणि मीही.

"तू चाल, रुख्मा," ते म्हणाले. "तू असली म्हंजे थो मले हाकलनार नाई."

छकड्याने ती फार तर दोन मुक्कामांची वाट. आम्हाला आठवड्याच्या वर लागला.

पहिल्या दिवशी उन्हाने लाकूड आकसले आणि धाव खरोखरच सैल झाली. अशा वेळी गाडीवान चाक रात्रभर नदीत उभे करतात; लाकूड फुगते, धाव आवळते. बाबांनी तेच केले. सकाळी त्यांनी चाकावर मोगरी मारली, आवाज खणखणीत आला, आम्ही निघालो. पुढच्या मुक्कामी त्यांनी पुन्हा चाक पाण्यात सोडले. त्याच्या पुढच्या मुक्कामीही. सुताराच्या घरात वाढलेल्या मुलीला सैल धावेचा आवाज कळतो.

"बाबा, धाव तर घट्ट आहे."

"वरून घट्ट वाटते. भिजू दे आजचा दिस."

मग तो दिवस आम्ही काठावर काढायचो. त्या पट्ट्यात विहिरींचे पाणी खारे. बायका नदीच्या वाळूत झिरे उकरून गोडे पाणी काढीत. आम्हीही तेच प्यायलो. शेतांतून कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या, गव्हाची खुंटे उन्हात पिवळी, आणि वाटेवर धुळीचा इतका मऊ थर की पायगाडीचा आवाजच होत नसे. गाव आले की लोक जमत. बाबा एखाद्या म्हाताऱ्याला गादीवर बसवून दोन्ही हातांनी धरून फिरवीत, मग त्याच्याच ओसरीवर दुपार काढीत.

एका वळणावर नदीच्या पात्रात डांगरांची, म्हणजे खरबुजांची, वाडी होती. पार्बताबाई नावाची बाई ती राखत होती. तिने पायगाडीला दोन फेऱ्या मारल्या आणि कमरेवर हात ठेवले.

"काहून हो, याचे बैल कुठी गेले?"

"मेले," नत्थुजी म्हणाले.

"आन् मंग मालकच जुतला? आमच्या घरच्याले दाखवा थोडसं. थो बैल जित्ते असून उठत नाई."

बाबा इतके हसले की पायगाडी कलंडली आणि ते वाळूत बसले. बाईने डांगर फोडून त्यांच्या हातात दिले. तिथे आम्ही तीन दिवस राहिलो. चाक पाण्यात, बाबा काठावर पाय सोडून बसलेले. मी त्यांना इतके निवांत कधी पाहिले नव्हते. ते दिवस फार सुखाचे गेले, आणि आज तेच आठवले की जीव कासावीस होतो.

"बाबा, लाखपुरी आता कोसावर आहे म्हणतात," मी शेवटी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "म्हनूनच."

चाचा भट्टीसमोर कडुलिंबाखाली बसले होते. एका डोळ्यात मोतीबिंदूचा सारा पडला होता. त्यांनी पायगाडी पाहिली, मला पाहिले, बाबांकडे पाहिले नाही.

"हे कोनाचं?"

"सायबाचं होतं," बाबा म्हणाले.

"दिसतेच. शहान्या मानसाचं नसन."

आतून चाचांच्या बायको, हलीमाबी, गूळ आणि पाणी घेऊन आल्या. माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी बाबांकडे पाहिले. "चार सालानं रस्ता सापडला काय मिस्तरी?"

बाबांनी पुढचे चाक काढून चाचांसमोर ठेवले. "लाकूड जुनं हाय. तू पाय. धाव तेवढी तुह्या हातची पायजे."

चाचांनी हातोडीची दांडी चाकावर टेकवली, कान लावला. मग आऱ्याच्या सांध्यात नख खुपसले आणि बोटाला लागलेली ओल उन्हात धरून पाहिली.

"किती दिस पान्यात होतं?"

नत्थुजींना राहवले नाही. "रोजच होतं. मी तं म्हनलं, चाक पोहाले शिकून राह्यलं."

चाचांच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटले नाही. मग ते हसायला लागले. हसता हसता त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आले. "या अल्ला! चार सालानं आला, आन् पुन्हा ओलंच लाकूड घेऊन आला माह्याकडं!"

बाबाही हसले. दोघे म्हातारे एकमेकांच्या गुडघ्यावर थापा मारीत हसत होते, आणि मला वाटले, झाले, सगळे झाले. मग बाबांचे हसू थांबले.

"गफ्फार, थ्या साली मी—"

"पह्यले चाक सुकू दे," चाचा म्हणाले. "मंग बोलू. सावलीत टांगून ठेवतो. मिरगाच्या आंधी ये. पानी तुलेच ओता लागन."

पायगाडी तिथेच ठेवून आम्ही छकड्यातून परतलो. बाबा वाटभर बोलत होते. कुठेही थांबायचे नाव काढले नाही.

वैशाखात त्यांना ऊन लागले. दुपारी अंगणात रंधा मारत होते, संध्याकाळी त्यांना कोणी ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी ते गेले. वय झालेला माणूस, लोक म्हणाले, हाल झाले नाहीत. खरे आहे.

मृग लागायच्या आधी मी नत्थुजींना छकडा जुंपायला सांगितले. चाचा त्याच कडुलिंबाखाली होते. मी एकटीच उतरले तेव्हा त्यांनी माझ्या मागे पाहिले, मग नत्थुजींकडे. नत्थुजींनी मान खाली घातली.

वळचणीला चाक टांगलेले होते. शेजारी नवी धाव, जोडून, घासून तयार.

"मीच म्हनलं, मंग बोलू," चाचा म्हणाले.

वाटेत मी ते वाक्य मनात नीट जुळवले होते. "चाचा, बाबांना तुम्हाला सांगायचं होतं की त्या वर्षी—"

"नको बेटा." त्यांनी हात वर केला. "थे तुही बोलायची गोष्ट नाई. आन् मले आता आयकायची नाई."

माझे पाठ केलेले शब्द माझ्याजवळच राहिले. चाचा उठले. गोवऱ्या रचल्या, त्यात धाव ठेवली, आग पेटवली. हलीमाबींनी दोन घागरी आणून ठेवल्या. लोखंड लाल झाले तसे चाचांनी सांडशी उचलली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "घागर घे. मी म्हनतो तवाच ओतजो. घाई नको करू."

एक बाजू नत्थुजींनी धरली. धाव चाकावर बसली, लाकडाला ज्वाळ आली. चाचांनी चारी बाजूंनी हातोडी मारली आणि म्हणाले, "ओत." मी ओतले. वाफ तोंडावर आली. तिच्याआडून आरे एकामागून एक करकरत आत गेल्याचे ऐकू आले. चाचा कान लावून शेवटचा आवाज थांबेपर्यंत वाकून राहिले.

मग त्यांनी चाकावर दांडी मारली. असा आवाज मी आमच्या अंगणात कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"सुकलं होतं," ते म्हणाले. "चांगलं लाकूड होतं." आणि आत निघून गेले.

पायगाडी छकड्यात बांधून आम्ही निघालो. वाटेत लोक विचारत, चालवणारे बाबा कुठे आहेत? नत्थुजी काहीतरी सांगत. डांगराची वाडी उठली होती. पार्बताबाईच्या खोपीच्या जागी चार काड्या उभ्या होत्या. तिथे नत्थुजींनी सवयीने बैल थांबवले आणि मागे वळून पाहिले.

"चाक भिजवाचं काय, बाई?"

"नाही," मी म्हणाले. "आता गरज नाही. चला."